'किंग साइज' चादर आणि खोचायला उरलेला एक इंच

थ्रेड काउंट (एका चौरस इंचातले धागे), जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझं भांडण मापाशी आहे.

दिवाळीच्या सेलमध्ये चारशे थ्रेड काउंटची कॉटन सॅटिन चादर घेतली, बाराशे रुपयांना. पाकिटावर ठळक 'किंग साइज', आणि शिलाईतल्या चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत 90 बाय 108 इंच. आमची गादी 72 बाय 78, जाडी 8 इंच. आता हिशेब करा. 72 रुंदी, दोन्ही बाजूंची जाडी धरून 88. उरले दोन इंच, म्हणजे एका बाजूला एक. एका इंचात काय खोचणार, बाप्पा? त्यात सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटतंच, म्हणजे तो इंचही गेला. रोज सकाळी चादर पायाशी गोळा आणि गादी उघडी.

तक्रार केली, तर उत्तर: 'धुतलेला माल परत घेत नाही.' न धुता आटलेली कशी कळणार, ते मात्र कोणी सांगेना. चार फोन, चार वेगळे आवाज, वाक्य तेच.

एक मात्र कबूल, डिसेंबरात तिच्यावर झोपायला मजा आली. नागपूरची थंडी आणि ती मऊ, जराशी जड चादर. तेव्हा लिहिलं असतं तर माप सोडून बाकी सगळ्याला पैकीच्या पैकी दिले असते. मे महिन्यात मनातून उतरली. कूलरची दमट हवा आणि वर दाट सॅटिन, पाठीला नुसती चिकटायची. सॅटिनमध्ये धागा तीन-चार धाग्यांवरून सुटा जातो, म्हणून ती चकाकते आणि म्हणूनच अडकते. बायकोच्या जोडव्यांनी पायथ्याशी धागे ओढून काढलेत. आणि ते चारशेही खरे किती, देव जाणे. दोन पदरी धागा दोनदा मोजला की दोनशेचे चारशे होतात.

शेवटी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी टेप खिशात घालून गांधीबागेच्या कापड बाजारात गेलो. दुकानदाराने आधी साडेतीनशे रुपयांची 'ग्लेस कॉटन' दाखवली. कडेचा एक धागा मागून घेऊन काडी लावली, तर वितळून टोकाला टणक मणी. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. म्हणजे पॉलिएस्टर. त्याला घाम शोषता येत नाही, वर गोळे येतात ते वेगळंच. मग साध्या विणीची सुती चादर काढली, 108 बाय 108, साडेआठशे. ती पूर्ण उलगडून मापली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, साडी घेताना बाया एवढं नाही पाहत."

पहिल्या दिवशी खळीमुळे पापडासारखी कडक होती, बायको नाराज. तीन-चार धुण्यांत खळ गेली आणि आता घरात हिचीच मागणी. दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच आत जातात. आटली तरी आठ. मुलगा उड्या मारतो, कोपरा हलत नाही. एकच खोट: इस्त्री न करता अंथरली की चुरगळलेली दिसते. मी इस्त्री करत नाही. सॅटिनची ती दिवाणखान्यातल्या दिवाणावर टाकली आहे. तिथे गादी चार इंची, बरोबर बसते.

अभ्रे मात्र दोन्ही सेटचे 17 बाय 27, आणि आमच्या उशा 18 बाय 28. त्यांच्याशी आता वेगळं भांडण सुरू आहे.