जंगलाकडच्या चाऱ्याच्या पट्ट्यासाठी सात एचपीचा पॉवर वीडर : पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

ज्यांचं वावर जंगलाला लागून आहे आणि धुऱ्याकडचा, म्हणजे बांधाकडचा, एखादा तुकडा चितळ आणि रोह्यांच्या (नीलगायींच्या) चाऱ्यासाठी सोडायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची शेती भद्रावती तालुक्यात, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरजवळ, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्याजवळ. खालची जमीन कन्हार (भारी काळी), जंगलाकडे चढत जाते तशी मोरंड (मध्यम) आणि शेवटी बरड (हलकी, मुरमाड). त्या बरडीत सोयाबीन पेरा की तूर, निम्मं पीक रानडुकरं आणि रोही खायचे. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत घरात ठरलं, की हा तुकडा गवताला आणि चाऱ्याला द्यायचा. ताडोब्यातून नवेगाव, जामणी ही गावं पुनर्वसनात उठली आणि त्यांची जुनी शेतं आता कुरणं झाली आहेत, तिथे चितळांचे कळप चरतात. आपल्या तुकड्यातही ते जमेल, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

उन्हाळ्यात पेट्रोलवरचा, सात एचपीचा, गिअरचा पॉवर वीडर घेतला, म्हणजे मागून हाताने धरून चालवायचं, फिरत्या पात्यांचं लहान मशागतीचं यंत्र. जून ते फेब्रुवारी तो मी स्वतः चालवला. माझं मत आधीच सांगते : या कामाला यंत्र निवडताना ते किती खोल जातं हे बघू नका, किती उथळ चालवता येतं ते बघा.

दुकानदार नेमकं उलटं सांगतो. पाच इंच, सहा इंच खोल, असं तो कौतुकाने दाखवतो. कापसाच्या किंवा भाजीच्या शेताला ते चालेल. गवताचं बी बारीक, हलकं, कुसळाचं. ते बोटाच्या पेराएवढं गाडलं तरी बहुतेक वाया जातं, त्याला मातीचा नुसता पातळ पदर हवा. शिवाय बरडीत वर्षानुवर्षं पडलेलं तरोटा (टाकळा), रानतुळस आणि गाजरगवताचं बी खोलवर झोपलेलं असतं. रोटाव्हेटर खोल मारला की ते वर येतं, आणि पहिल्या पावसात गवताच्या आधी तरोटाच उगवतो. कोवळ्या तरोट्याची भाजी आम्ही आवडीने खातो, पण त्याने रान धरलं की खाली दुसरं काही वाढत नाही आणि चितळही त्याला तोंड लावत नाही. शेजारच्या शेतात मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालला होता आणि तिथे ऑगस्टमध्ये कमरेएवढा तरोटा उभा होता. आमच्याकडे मी खोलीची दांडी अशी लावली, की पाती दीड-दोन इंचांपुढे जाणारच नाहीत. पहिल्या गिअरमध्ये एकदा उभं आणि एकदा आडवं फिरवलं. तरोटा आलाच, पण हाताने उपटून आवरण्याइतका. तो फुलावर यायच्या आत उपटा, शेंगा धरल्या की पुढच्या वर्षीचं काम तुम्हीच पेरलं समजा.

दुसरा मुद्दा वजनाचा. आमच्याकडे यंत्र मला चालवायचं होतं. पॉवर टिलर बारा-तेरा एचपीचा, पण वजन चार क्विंटलच्या आसपास. बांधावर वळवायचा म्हणजे दोन माणसं लागतात. डिझेलचा वीडर ताकदीला चांगला आणि तेलाला स्वस्त, पण पेट्रोलवाल्यापेक्षा बराच जड आणि हादरेही जास्त. कापसात रोज आंतरमशागत करायची असेल त्यांनी तोच घ्यावा. माझ्या कामाला पेट्रोलचा बरा पडला. मी एकटी तो वळवते, रिव्हर्स घालून धुऱ्यापासून मागे घेते. रिव्हर्स घेताना मात्र पाती फिरती ठेवू नका, मागे धुरा किंवा दगड असेल तर पाय थेट पात्यांपुढे येतो. साडीवर किंवा ओढणी सोडून हे यंत्र चालवू नये. मी सलवार आणि गमबूट घालते.

गिअर की बेल्ट, यावर आमच्या घरी बराच वाद झाला. बेल्टवाला स्वस्त. काळ्या चिकट जमिनीत भार आला की बेल्ट घसरतो आणि काम अर्धं होतं. पण दगड लागला की तो घसरतो म्हणून वाचतोही. गिअरवाला ताकद सोडत नाही, त्यामुळे दगड लागला की पाती वाकतात किंवा बोल्ट तुटतो. बरडीत मुरूम आणि दगड आहेतच, म्हणून गिअरवाला घेऊन मी आधी दगड वेचून घेतले. हंगामात काही पाती बदलावी लागली, बोल्ट तर रोज संध्याकाळी आवळावे लागतात. तक्रार आहे ती एकच : विक्रेत्याने सुटी पाती लगेच मिळतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती पेरणीच्या दिवसांत हातात आली नाहीत. यंत्र घेतानाच एक जादा संच घेऊन ठेवा.

पेट्रोल तासाला लिटरभराच्या आसपास लागतं. नव्या इंजिनाचं ऑइल वीसेक तासांनी बदलायचं, नंतर शंभर तासांनी. उन्हाळ्यात बरडीची धूळ एअर फिल्टर लवकर भरते, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन धाप टाकतं.

हे सगळं खरं असलं तरी काम बिघडतं किंवा साधतं ते वाफशावर, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असण्यावर. मोरंड ओली असताना वीडर घातला, तर चिखल पात्यांना लपेटतो आणि यंत्र जागेवर गोल गोल फिरतं. कोरडी झाली की तोच वीडर उड्या मारतो आणि हाताचे सांधे दुखतात. मामाजी मूठभर माती दाबून गोळा करतात आणि खाली टाकतात. फुटला तर म्हणतात, "सूनबाई, आता घाल." गोळा तसाच राहिला तर दोन दिवस थांबायचं. पावसाच्या उघडीपीत हा काळ फार थोडा मिळतो, आणि भाड्याचा ट्रॅक्टर त्याच दिवशी कधीच मिळत नाही. स्वतःच्या छोट्या यंत्राचा खरा फायदा मला इथे दिसला.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच दुकानात कुणी सांगत नाही. इंजिन चालू असलं की जंगलाचा आवाज कानावर येत नाही. चितळाचा किंवा वानराचा इशारा आपल्याला ऐकू येत नाही आणि जिथे चितळ येतं तिथे वाघ-बिबट येणारच. बैल असले तर ते कान टवकारतात, थांबतात. यंत्र थांबत नाही. म्हणून मी चालवत असताना भाऊजी धुऱ्यावर उभे राहून जंगलाकडे नजर ठेवतात, आणि ऊन उतरायच्या आत आम्ही परत फिरतो. पट्टा घरापासून आणि पायवाटेपासून दूर ठेवला, पेरायच्या आधी वनरक्षकांना सांगितलं. तुम्हीही सांगा. आणि कडेने विजेची तार लावायचा विचारही करू नका, त्यात जनावर मरतं आणि माणूसही.

पेरणीचं थोडक्यात. पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी आम्ही दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावरून ओरबाडून ठेवलं होतं. ताजं बी नीट उगवत नाही, उन्हाळाभर साठवलेलं बरं उगवतं. कुसळांमुळे ते तिफणीच्या चाड्यातून उतरत नाही. माती आणि शेणखतात कालवून हाताने फेकलं, वरून बोरीची काटेरी फांदी ओढली. बरडीत स्टायलो हा शेंगवर्गीय चारा टाकला, त्याचं बी टणक म्हणून आधी गरम पाण्यात भिजवलं. कडेच्या पट्ट्यात बाजरी आणि चवळी. ज्वारी मुद्दाम टाळली, कारण कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते हे गुराख्यालाही माहीत असतं, हरणाचं पोट काही वेगळं नाही. बाजारातलं रंग लावलेलं बियाणं घेऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं आणि फेकलेलं बी तित्तिर, लावे आधी टिपतात.

इंटरनेटवर याबद्दल जी माहिती मिळते ती बहुतेक अमेरिकेची. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी क्लोव्हर, ओट पेरतात, पुष्कळदा शिकारीसाठीच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आपला पट्टा फक्त खाऊ घालण्यासाठी. तिथल्या सल्ल्यात जमिनीत चुना टाका असंही असतं, कारण तिथली बरीच माती आम्लधर्मी. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, तिला चुना नको.

फेब्रुवारीत आता पवन्याचे झुबके उभे आहेत. चितळं पहाटे येतात, रोही दुपारीही दिसतात. बाजरी रानडुकरांनी दाणा भरायच्या आत संपवली. खालच्या तुरीचं नुकसान यामुळे थांबलं असं मी म्हणणार नाही, डुकरं तिकडेही जातातच.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना अनुदानाची टक्केवारी जास्त असते, म्हणून सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

गवताच्या भागात आता वीडर पुन्हा घालायचा नाही, मुळं धरली आहेत. येत्या जूनमध्ये तो फक्त चवळी-बाजरीच्या पट्ट्यात चालेल, बाकीचे दिवस भाजीच्या वाफ्यांत. तुमचा तुकडा एकराच्या आत असेल आणि घरी बैलजोडी असेल तर यंत्र घेऊच नका. वखराच्या दोन उथळ पाळ्या तेवढंच काम करतात. बैल नसतील तर बचत गटातल्या चार घरांनी मिळून एक वीडर घ्या, फक्त वाफशाच्या दिवशी तो आधी कुणाच्या वावरात जाईल हे मे महिन्यातच ठरवून ठेवा.