नर्सरीतलं ऑफिस टाइम: काड्या उत्तम, पिशवीतली माती टाकाऊ

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेला असो की नवी मुंबईत नेरूळ-बेलापूरच्या बाजूला, बहुतेक नर्सरींत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ऑफिस टाइमची रोपं मिळतात. कुणी त्यांना चिनी गुलाब म्हणतं, कुणी पोर्तुलाका. दगडांच्या फटीत पसरायला आणि तापलेल्या कट्ट्यावरची माती झाकायला आपल्या हवेत यापेक्षा चांगलं फुलझाड सापडणं कठीण आहे. आइस प्लांट, सेडम अशा जमिनीलगत पसरणाऱ्या इतर झाडांच्या बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात, पण कोकणपट्टीच्या पावसात आणि दमटपणात ती तग धरत नाहीत. ऑफिस टाइम मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील-अर्जेंटिना-उरुग्वे भागातलं. पानांत आणि खोडात पाणी साठवून ते ऊन सोसतं. रोप म्हणून त्याला पाचपैकी साडेचार. ज्या मातीत ते विकलं जातं तिला मात्र एकच.

या पिशव्यांत बहुधा चिकट लाल माती ठासून भरलेली असते. नर्सरीवाल्याला ते सोयीचं पडतं, कारण गोळा फुटत नाही आणि पाणी कमी वेळा घालावं लागतं. आपण तोच गोळा भुसभुशीत मातीत ठेवला की दोन मातींची जोड जमत नाही. गोळा ओला असेल तर आत दिवसेंदिवस ओलाच राहतो आणि खोड तळाशी तपकिरी, पाणचट होतं. तो एकदा कडक वाळला की वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेने निघून जातं आणि भिजलेल्या कुंडीतही मुळं तहानलेली राहतात. ‘नर्सरीत छान होतं, घरी आणल्यावर गेलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून रोप आणलं की सरळ काड्या कापाव्यात. आठ-दहा सेंटिमीटरच्या, शेंड्याकडच्या, कळ्या खुडलेल्या. खालच्या निम्म्या भागातली पानं काढून काड्या काही तास सावलीत ठेवाव्यात, म्हणजे काप सुकतो. मग तीन-चार सेंटिमीटर खोल खोचाव्यात, दोन काड्यांत बारा ते पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवून. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत मुळं धरतात. एका भरगच्च पिशवीतून आठ-दहा काड्या सहज निघतात. टांगत्या टोपलीतलं तयार रोप घेण्यात त्यामुळे अर्थ नाही. तिची किंमत पिशवीच्या कितीतरी पट असते आणि आतली माती बहुधा तीच.

लावायचं मिश्रण: दोन भाग चाळलेली लाल माती, दोन भाग जाडी रेती किंवा खडीची कच (तीन ते सहा मिलिमीटरची, त्यातली पूड धुऊन काढलेली), एक भाग गांडूळखत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, जुलैत ते स्पंजासारखं पाणी धरतं. कुंडी पसरट घ्यावी, पंधरा सेंटिमीटर खोली पुरते. सोसायटीच्या आवारात दगडांचा वाफा करायचा असेल तर काळा दगड इथे मुबलक आहे. तो एक तृतीयांश मातीत गाडावा आणि वाफ्याला एका बाजूला उतार द्यावा. दगड दुपारी तापतो, पण त्याच्या खाली ओल टिकते आणि मुळं तिकडेच सरकतात. खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. युरिया किंवा जास्त शेणखत पडलं की रोप हिरवंगार माजतं आणि फुलं मोजायला एक हात पुरतो.

खरेदीला सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जावं. संध्याकाळी सगळी फुलं मिटलेली असतात, रंग कळत नाही. बारीक, गोलसर, सुईसारखी पानं हा एक प्रकार. चपटी, घोळाच्या भाजीसारखी पानं हा दुसरा. नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकतात. घोळ या दोघांचाही सख्खा नातलग आहे. बारीक पानांच्या जातीत पानाच्या बेचक्यात पांढरी मऊ लव असते, ती नैसर्गिक आहे. तिथे कापसासारखा पुंजका असेल, बोटाने चिरडला जात असेल आणि आसपास मुंग्या फिरत असतील, तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. ती पिशवी घेऊ नये. लांब, विरळ पानांची आणि टोकालाच एक फूल असलेली काडी नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली, सावलीत वाढलेली असते. तिच्याऐवजी आखूड, फुटवे आलेलं रोप उचलावं, फूल नसलं तरी चालेल. दुहेरी पाकळ्यांची फुलं दिसायला देखणी, पण त्यांत पाणी साचतं. उघड्या वाफ्यासाठी एकेरी बरी.

आता उन्हाचं. रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, आणि त्यातलं सकाळचं महत्त्वाचं. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. पश्चिमेला ऊन येईपर्यंत बऱ्याच जातींच्या फुलांची उघडायची वेळ निघून गेलेली असते. दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल इथे मोठा गैरसमज आहे. ठाणं साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि ऐन उन्हाळ्यात फुलं थांबतात. त्याच बाल्कनीत डिसेंबरमध्ये ऊन आतपर्यंत येतं. तिथे लावायचं तर ऑक्टोबरमध्ये लावावं आणि एप्रिलमध्ये कुंड्या कठड्याच्या जाळीत, स्लॅबच्या बाहेर सरकवाव्यात, पक्क्या बांधून.

पाणी वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच. एप्रिल-मेमध्ये छोट्या कुंडीला हे रोज लागू शकतं, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी. फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे नव्या कळ्या येत राहणं महत्त्वाचं. काड्या लोंबू लागल्या की पाच-सात सेंटिमीटर ठेवून छाटाव्यात. कापलेले शेंडे पुन्हा लावता येतात. पिठ्या ढेकूण आलाच तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर लिक्विड सोप मिसळून ऊन उतरल्यावर फवारावं. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ढगाळ दिवसात फुलं उघडत नाहीत, यात रोपाचा दोष नाही. उघड्या वाफ्यातली रोपं या काळात सडतात, काही वाचली तर नशीब. त्यांना वाचवण्याची धडपड करण्यापेक्षा मेच्या शेवटी पंधरा-वीस काड्या एका पसरट कुंडीत लावून ती छज्जाखाली, उजेडात पण पावसाबाहेर ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच थोडं पाणी द्यावं. वाफ्यात गोगलगायी दिसल्या तर रात्री टॉर्च घेऊन वेचाव्यात, कोवळे शेंडे त्या एका रात्रीत संपवतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की छज्जाखालच्या कुंडीतूनच पुन्हा काड्या कापायच्या. नर्सरीत जायचं ते फक्त नवा रंग हवा असेल तर.