समुद्रकाठची मैफल: वांद्रे किल्ला की बाणगंगा?

थंडीच्या दिवसांत मुंबईत मित्रमंडळींसोबत उघड्यावर गाणं ऐकायचं, तर माझ्या मनात दोनच जागा येतात.

वांद्रे किल्ल्याचं ॲम्फीथिएटर म्हणजे निव्वळ मोकळेपणा. १६४० मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला, समोर अरबी समुद्र, अंधार पडला की सागरी सेतूचे दिवे. ऊन उतरताना पोहोचलात तर बागेत डबे उघडायला निवांत वेळ मिळतो. तिखटामिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि थर्मासमधला चहा पुरे. पातळ भाजी नेऊ नका, पायऱ्यांवर सांडतेच. अडचण वाऱ्याची. खारा वारा सुटला की हलका आलाप मागच्या रांगेपर्यंत धड पोहोचत नाही. म्हणून इथे बँड, फ्यूजन, ढोलकी असं दणदणीत काही असेल तरच जावं.

वाळकेश्वरच्या बाणगंगेचं उलट. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावाचं पाणी गोडं, झऱ्याचं. चहूबाजूंनी देवळं आणि घरं असल्याने वारा अडतो, सूर तिथेच घुमतो. बाणगंगा महोत्सवात शास्त्रीय गाणं या दगडी पायऱ्यांवर बसून ऐकावं, तानपुऱ्याचा झंकारही सुटत नाही. पण हे देवस्थान आहे. डबे इथे नकोत, खाणं आधी गिरगाव चौपाटीवर उरकावं.

माझा कौल गाण्यासाठी बाणगंगेला, गप्पांसाठी वांद्र्याला. वांद्रे स्टेशनहून रिक्षा मिळते. वाळकेश्वरला रिक्षा नाही, चर्नी रोड किंवा ग्रँट रोडहून टॅक्सी करा. बसायला जाड सतरंजी दोन्हीकडे हवीच.