पाळणाघरातला ताण: ध्यानवर्ग, गटचर्चा की बदलीचं माणूस?

मुलं सांभाळणाऱ्या ताई दमल्या आहेत, चिडचिड वाढली आहे, एखादी काम सोडायच्या बेतात आहे आणि हाताशी पैसा मोजकाच. तो कशावर खर्च करावा, हा प्रश्न पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. त्यात तो आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून नोंदवला आहे. माझ्या मते निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कामाच्या मागण्या जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी असेल, तर ताण सर्वाधिक होतो. पाळणाघरात अगदी हेच घडतं. रडणाऱ्या बाळाला 'पाच मिनिटांनी ये' म्हणता येत नाही. वर आतून काहीही वाटत असलं तरी चेहरा आणि आवाज शांत ठेवावा लागतो, आणि हे श्रम कोणाच्या हिशेबात येत नाहीत.

ध्यानाचे वर्ग स्वस्त पडतात, लगेच सुरू करता येतात. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेस) कार्यक्रम यातला सर्वात परिचित. शिकलेलं कौशल्य ताईंकडेच राहतं, नोकरी बदलली तरी. पण वर्ग सुट्टीच्या दिवशी किंवा कामाची वेळ संपल्यावर ठेवला, तर आधीच थकलेल्या माणसावर आणखी एक काम पडतं. आणि 'तूच शांत राहायला शीक' असा त्याचा अर्थ लागला, तर मन दुखावतं ते वेगळंच.

बदलीचं माणूस, म्हणजे ताईंच्या जागी थोडा वेळ मुलं सांभाळणारं माणूस, महाग पडतं, हे खरं. तरी मी पहिला पैसा तिथेच घालीन. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे १ मोठं माणूस असा नियम आहे. पण असं प्रमाण म्हणजे किमान मर्यादा. जेवायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला खोली सोडायची तर जागेवर कोण उभं राहणार, हे त्यातून आपोआप ठरत नाही. ठरलेल्या वेळी हमखास येणारं एक माणूस असलं की ताईंना सुट्टी मागावी लागत नाही, ती मिळते. या दोन्हींत मोठा फरक आहे. पूर्णवेळ माणूस परवडत नसेल, तर दुपारचे दोन तास तरी ठेवावं. सगळ्यात जास्त रडारड असलेल्या खोलीत एकाच ताईला रोज ठेवू नये, आलटून-पालटून पाठवावं. त्याला तर पैसाही लागत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसून एखाद्या मुलाबद्दल किंवा अवघड पालकांबद्दल मोकळं बोलणं, हा मधला मार्ग आहे. खर्च कमी, गुण चांगला. अट एवढीच की हा वेळ पगारात धरलेला असावा आणि पगारवाढ ठरवणारी व्यक्ती त्या बैठकीत नसावी. नाहीतर कोणी मनातलं बोलणार नाही.

समुपदेशन या रांगेत बसवू नये. झोप उडाली असेल, रोज सकाळी कामावर यायची धास्ती वाटत असेल किंवा मुलावर हात उगारावासा वाटत असेल, तर बाकी काही ठरण्याची वाट न पाहता त्या ताईंना मुलांपासून थोडं बाजूला होऊ द्यावं आणि मदत मिळवून द्यावी. असं सांगणाऱ्या ताईंवर कारवाईची टांगती तलवार असेल, तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.

घरातच एकटीने मुलं सांभाळणाऱ्यांना बदलीचं माणूस कुठून मिळणार? त्यांच्यासाठी क्रम वेगळा. मूल नेण्याची वेळ आणि उशिराचे जादा पैसे पालकांशी आधीच लेखी ठरवावेत. 'फक्त आजच' म्हणत लांबणारी संध्याकाळ विश्रांतीचा वेळ खाते. मग अशाच एखाद्या ओळखीच्या ताईंशी आजारपणात एकमेकींना पर्याय सुचवायचं बोलून ठेवावं. पालकांनाही हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.