पुणे–मुंबई: रेल्वे, शिवनेरी, कार की दुचाकी?

मुंबईला जायचं ठरलं की आधी बघा, उतरायचं कुठे आहे. दादर, भायखळा, सीएसएमटी या पट्ट्यात काम असेल तर माझं मत सरळ रेल्वेला. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोहोचते. 1930 पासून ही गाडी पुणेकरांच्या नोकरी-धंद्याच्या वेळा सांभाळतेय. सेकंड सिटिंगचं भाडं तर एक्सप्रेसवेच्या एकेरी टोलपेक्षाही कमी. ठाणे-कल्याणकडे जायचं असेल तर सिंहगड बरी पडते. पनवेलला उतरायचं असेल तर प्रगती. ती पनवेलमार्गे जाते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

अडचण तिकिटाची. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता संपतात. जनरल डब्यातून उभ्याने जाणं तरुण माणसाला जमेल, पण गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन त्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात घाटातल्या मंकी हिलजवळ दरड आली की गाड्या रद्द होतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पर्यायी सोय मनात धरूनच निघा.

तरीही घाट बघावा तो रेल्वेतूनच. परतीला कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात. ती जोडताना बसलेला हलका धक्का शेवटच्या डब्यांत नीट जाणवतो. खिडकीशी दिवाडकरांचा वडा येतो, तो संपतो न संपतो तोच बोगदे सुरू होतात. 37 फुटांना एक फूट असा हा चढ आहे. इंजिनं पुढून ओढतात आणि मागूनही रेटतात. कार चालवणाऱ्याला हे सुख कुठलं?

एसटीच्या शिवनेरी बसचा खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो. एक, वाशी-नेरूळकडे जाणाऱ्यांना ती वाटेत सोडते. रेल्वेने गेलात तर ठाण्याला किंवा पनवेलला उतरून पुन्हा लोकल धरा. दुसरा, ऐनवेळी निघायचं ठरलं तरी बहुतेक वेळा जागा मिळते. शिवाय मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे, शिवनेरीतही. त्यामुळे मायलेकी निघणार असतील तर हिशेब एकदम बदलतो. मात्र शुक्रवारी संध्याकाळी बोरघाट तुंबला की बसही तिथेच अडकते.

कार घ्यायची ती माणसं चार असतील, सामान असेल किंवा पेशंटला दाखवायला न्यायचं असेल तेव्हा. 2023 मध्ये कारचा टोल 270 वरून 320 झाला. दक्षिण मुंबईला अटल सेतूवरून गेलात तर त्याचा टोल वेगळा. चौघांत वाटून घेतलं तर झेपतं, एकट्याने जाणं मला उधळपट्टी वाटते. पैशापेक्षा मोठी गोष्ट थकव्याची आहे. एक्सप्रेसवे 2002 पासून पूर्ण सुरू आहे, रस्ता उत्तम आहे, पण घाटात उजव्या लेनमध्ये कूर्मगतीने उतरणारे ट्रेलर आणि डावीकडून घुसणाऱ्या गाड्या यांत डोळे क्षणभरही हटवता येत नाहीत. त्यानंतर सायन-पनवेल रस्ता, आणि पुढे पार्किंगचा शोध. दुपारी महत्त्वाची मीटिंग असेल तर त्या अवस्थेत जाऊ नये.

दुचाकीला एक्सप्रेसवेवर बंदी आहे, अटल सेतूवरही. म्हणजे जुना हायवे, खंडाळा, शिंग्रोबाचा घाट, खोपोली, मग पनवेल. हिवाळ्यातल्या सकाळी हा रस्ता सुंदर असतो आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी दोन मिनिटं थांबावंसंही वाटतं. पण कामासाठी मुंबई गाठायला दुचाकी नको. पावसात घाटातलं धुकं आणि निसरडी वळणं, पुढे अवजड वाहनांची गर्दी. घरी कुणी हट्टाला पेटलं असेल तर लोणावळ्यापर्यंत जा, गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगला लावा आणि तिथून रेल्वे धरा. परतीच्या गाडीची वेळ आणि ती लोणावळ्याला थांबते का, हे मात्र आधी बघून ठेवा.