तीन शंकू की एक? : ट्रायकोन आणि डोब्रो

रेझोनेटर गिटार, म्हणजे तारांचा आवाज धातूच्या शंकूने मोठा करणारी गिटार, घ्यायचे, पण ट्रायकोन की डोब्रो, या पेचात पडलेल्यांनी आधी इतिहास पाहावा. विजेवर आवाज वाढवण्याची सोय नव्हती, तेव्हा वाद्यवृंदात गिटार ऐकू यावी म्हणून वाद्यकार जॉन डोपिएरा यांनी गिटारवादक जॉर्ज बोशांप यांच्या आग्रहावरून ट्रायकोन घडवली. १९२७ मध्ये ती ‘नॅशनल’ कंपनीने बाजारात आणली. पुढे कंपनी सोडून डोपिएरा बंधूंनी डोब्रो काढली.

ट्रायकोनमध्ये ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या पट्टीने जोडलेले असतात, आणि जर्मन सिल्व्हरच्या धातूच्या खोक्यातून स्वर मऊ, रेशमी आणि दीर्घकाळ रेंगाळणारा निघतो. डोब्रोत वाडग्यासारखा एकच शंकू असून त्याच्या कडेवर आठ पायांचा ‘कोळी’, म्हणजे तारांचे कंपन शंकूपर्यंत नेणारा धातूचा सांगाडा, टेकतो. खोके बहुधा लाकडी, त्यामुळे घडण स्वस्त आणि स्वर काहीसा अनुनासिक, पण ठसठशीत. शंकू दोन्हींत नाजूकच. ट्रायकोनमध्ये मात्र तिन्ही नीट बसवावे लागतात.

संथ ब्लूज किंवा हवाईयन धून वाजवायची असेल तर ट्रायकोन घ्यावी. मांडीवर आडवी ठेवून ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) वाजवायचे असेल, किंवा खर्च आवरायचा असेल, तर माझ्या मते चौकोनी दांड्याची डोब्रोच योग्य.