छोट्या अनड्युलेटरसाठी रेडिया: काही महिन्यांच्या वापरानंतर

रेडिया हे ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनमध्ये (इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र एक्स-रे काढणारं यंत्र) नव्वदच्या दशकात तयार झालेलं, चुंबकांचं फील्ड काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर. गेले काही महिने त्याच्या पायथन आवृत्तीत एका हायब्रिड अनड्युलेटरचं (इलेक्ट्रॉनांच्या बीमला नागमोडी वळवून प्रकाश काढणाऱ्या चुंबकांच्या दोन रांगा) डिझाइन करतोय: निओडिमियमची चुंबकं, मध्ये लोह-कोबाल्टचे पोल, पिरियड (रचना पुन्हा येण्याचं अंतर) १८ मिमी, गॅप (दोन रांगांमधली फट) ६ मिमी.

सगळ्यात आवडला तो वेग. आजूबाजूच्या हवेचं मेशिंग करावंच लागत नाही, फक्त चुंबकांचे आणि पोलचे तुकडे पाडायचे. सममिती नीट लावली की साध्या लॅपटॉपवर चहा येईपर्यंत उत्तर हजर. तुकडे मात्र जपून वाढवा; संख्या दुप्पट केली की मेमरी चौपट लागते. चुंबकांना ढोबळ विभागणी चालते. पोलच्या टोकांना बारीकच हवी, कारण लोखंड आधी तिथेच संपृक्त होतं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं होतं.

हायब्रिडसाठीच्या नेहमीच्या घातांकी सूत्रातून या मापांना ०.८ टेस्लाचं फील्ड येतं, म्हणजे के (अनड्युलेटरची ताकद सांगणारा आकडा) साधारण १.३६. रेडियाचा आकडा त्याच्या आसपासच आला. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनसारखा २.५ जीईव्हीचा बीम धरला, तर पहिली हार्मोनिक (निघणाऱ्या प्रकाशाची मूळ ऊर्जा) १.७ केईव्हीच्या आसपास पडते. अंदाजाला सूत्र पुरतं, पण दोन्ही टोकांना ते काही कामाचं नाही. बीम सरळ बाहेर पडावा म्हणून तिथलं फील्ड पाव, पाऊण, पूर्ण अशा क्रमाने चढवायचं असतं आणि गॅप बदलला की हे गणित थोडं बिघडतं. रेडियात फील्डचं इंटिग्रल (पूर्ण लांबीवरची बेरीज) एका ओळीत मिळतं, त्यामुळे टोकाच्या चुंबकांची जाडी बदलत बसणं चक्क आनंदाचं होतं. पैसे वसूल म्हटलं असतं, पण फुकटच आहे.

आता तक्रारी. मदतपुस्तिकेवर मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरच्या जुन्या काळाची छाप आहे. त्याहून गंभीर म्हणजे, चुंबकाला रेषीय मटेरियल दिलं की उलट्या फील्डमुळे त्याचं चुंबकत्व कायमचं घटेल का, हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. चुंबकाच्या आतलं एच (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता) काढून उत्पादकाच्या आलेखाशी स्वतः ताडून पाहावं लागतं. व्हॅक्यूमच्या आत बसवून तापवायचं असेल, तर यात हयगय नको.

आणि ओढ. मीटरभर लांब, ५ सेंमी रुंद जबडे (वरची आणि खालची रांग) एकमेकांना जवळपास ६५० किलो वजनाइतके खेचतात. हे बल रेडिया काढून देतं. फ्रेम किती वाकेल ते नाही. गॅप १० मायक्रॉननी हलला तरी फील्ड ०.२ टक्क्यांनी बदलतं, म्हणून त्यासाठी स्ट्रक्चरल सॉफ्टवेअर वेगळं घ्यावंच लागलं.